नागपुरातली जादू नेमकी चालते कशी? कादंबरी अडली आहे, मदत पाहिजे

महालकर

नमस्कार मंडळी. मी मागच्या दिवाळीपासून एक कादंबरी लिहून राहिलो, आजच्या काळातली, आपल्या नागपुरातलीच, म्हणजे मेट्रो आहे, मोबाईल आहे, उन्हाळ्यात छतावर पाण्याची टाकी तापते ते सगळं आहे आणि त्यातच काही मोजक्या लोकांना खरीखुरी जादू येते. नायिका सुमी, वय २३, महाल या जुन्या वस्तीत आजीजवळ राहते, बर्डीच्या बाजारात मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काम करते. १४० पानं झाली आणि आता गाडी फसली.

झालं असं की मी ते बहिणीला वाचायला दिलं. तिने एकच प्रश्न विचारला आणि माझी तीन रात्रींची झोप गेली. पान ३० वर सुमी शेजारच्या फर्निचरच्या दुकानाची आग हात वर करून विझवते, आणि पान ९० वर आजी जिन्यावरून पडते तेव्हा हीच सुमी रडत ऑटो शोधते. बहीण म्हणे, "आग विझते तर आजी का नाही सावरली?" माझ्याजवळ उत्तरच नव्हतं. मला कथेसाठी आजी पडायला पाहिजे होती म्हणून पडली, बस.

मी काय काय करून पाहिलं ते सांगतो. आधी गेममध्ये असते तशी शक्तीची टाकी ठेवली, वापरली की रिकामी, झोपलं की भरली. पण ते वाचताना मोबाईल चार्जिंगला लावल्यासारखं वाटते. मग शक्ती झिरो माईलमधून येते असं लिहिलं. एक दिवस पहाटे मुद्दाम तिथे जाऊन बसलो, ते चार घोडे, तो वालुकाश्माचा खांब, त्यावर कोरलेली गावांची अंतरं. बसल्या बसल्या कळलं की हा मोजमापाचा दगड आहे, इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याचा. देशाचा मध्यबिंदू म्हणून आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातून शक्ती यायचं कारण काय? मीच मला पटवू शकलो नाही, ती अकरा पानं काढून टाकली.

आणखी एक गोष्ट छळून राहिली. आज सगळ्यांजवळ फोन आहे. मंत्र एकदा रेकॉर्ड केला आणि रात्रभर लूपवर लावून ठेवला तर? वाचक हे विचारणारच. शक्ती येते कुठून, किंमत कोण देते आणि फोनने का होत नाही, एवढं कोणी सांगा.

कोराडी_बी_शिफ्ट

भाऊ, मी वीज केंद्रात काम करतो त्यामुळे माझं डोकं युनिटमध्येच चालते, राग मानू नका. तुम्ही एकदा जादूचा हिशोब युनिटमध्ये करून पाहा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

धरून चला की जादूची ऊर्जा सुमीच्या शरीरातून येते. माणूस दिवसभरात साधारण २००० किलोकॅलरी खातो. विजेच्या भाषेत ते सव्वादोन युनिटच्या जरा वर जाते. दिवसभराचं सगळं जेवण म्हणजे सव्वादोन युनिट! आता ६० किलोचा माणूस तीन मजले वर उचलायला किती लागते? दीड किलोकॅलरीसुद्धा नाही, पोळीचा एक लहानसा तुकडा. आणि अंघोळीची २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायला? चारशे किलोकॅलरी, चार पोळ्या झाल्या. वजन उचलणं स्वस्त आणि उष्णता हलवणं महाग, आपल्याला नेहमी उलटं वाटते.

मग तुमची आग. फर्निचरच्या दुकानात एक सोफा नीट पेटला तरी एक मेगावॅटची आग होते, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा युनिट. मिनिटाला सुमीचं सात दिवसांचं जेवण. ती जागेवर मरेल. ती आग ती विझवू शकत नाही. पण आग लागायच्या आधी सिलेंडरचा कॉक फिरवू शकते, मेन स्विच पाडू शकते, त्याला काहीच लागत नाही. आणि ती मोबाईल दुरुस्त करते हे तुम्ही नकळत फार बरोबर लिहिलं आहे. फोनच्या अख्ख्या बॅटरीत ०.०२ युनिट असते. मायक्रोस्कोपखाली चिमट्याने तो तिळाच्या अर्ध्या आकाराचा कपॅसिटर बसवायचा, फ्लक्सचा धूर डोळ्यात, हॉट एअर गन जरा इकडची तिकडे झाली की शेजारचा पार्ट उडाला. अशी बारीक जादू तिला दिवसभर जमू शकते. मोठी जादू करणारा माणूस मूर्ख आणि नेमकी जागा माहीत असणारा खरा उस्ताद, असा नियम ठेवा.

अजून एक. शरीर काय किंवा आमचं केंद्र काय, सगळी ऊर्जा कामाला लागत नाही. स्नायूंचं काम साधारण पाव हिश्शाचं, बाकी तीन हिस्से अंगातच उष्णता होते. म्हणजे जादू केली की ताप चढला पाहिजे. ती उष्णता बाहेर कशी जाईल? घामाने. एक लिटर घाम पूर्ण वाळला की दोन-तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातो. आता नागपूर आठवा. मे महिन्यात ४५ अंश, पण हवा कोरडी, कूलर झकास चालतो. जुलैत ३२ अंश आणि कूलर लावला की खोलीत नुसता दमटपणा, गादी ओलसर, काही उपयोग नाही. सुमीचंही तसंच. मे महिन्यात पाणी पीत राहिली तर जादू जमते, पाणी संपलं की उष्माघात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये घामच वाळत नाही, जादू जवळपास बंद. हा नियम पुण्या-मुंबईच्या कादंबरीत बसणार नाही, तुमच्याच बसेल.

कोणी म्हणेल शरीर कशाला, खांबावरून वीज घ्या. घेऊ शकते, पण ती वीजचोरी झाली, २००३ च्या कायद्यात कलम १३५ आहे. तुमच्या खलनायकाला द्या ते.

आजीचं मात्र माझ्या हिशोबात बसत नाही. ४५ किलोची आजी एक मीटर सावरायला काहीच ऊर्जा लागत नाही. फक्त एक गोष्ट, एक मीटर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. मंत्र केवढा आहे तुमचा?

मीरा_रामटेक

कोराडीवाल्या दादांच्या शेवटच्या ओळीवरूनच पुढे जाते. मी संस्कृत शिकले आहे, इथेच रामटेकच्या विद्यापीठात, त्यामुळे मंत्राबद्दल थोडं सांगू शकते.

आपल्या परंपरेत मंत्राची खरी भीती ही की तो चुकला तर उलटतो. त्वष्ट्याची गोष्ट आहे ना, इंद्राने त्याच्या मुलाला मारलं म्हणून त्याने इंद्राला मारणारा मुलगा व्हावा यासाठी यज्ञ केला आणि आहुती देताना 'इंद्रशत्रु' हा शब्द म्हणताना स्वराचा आघात शेवटी द्यायचा तो सुरुवातीला दिला. शब्द तोच, अक्षरं तीच. पण अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारणार आहे तो'. वृत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. एका आघाताने! मी ही गोष्ट पहिल्यांदा वर्गात ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो. आता जिन्यावर आजीचा पाय घसरला आहे, सुमीच्या छातीत धडधडतंय, अर्धा सेकंद आहे, त्यात ती स्वर सांभाळणार कसा? तिने घाईत म्हटलं आणि आघात चुकला तर आजी सावरायच्या ऐवजी आणखी जोरात खाली जाईल. ती तोंड उघडते आणि मिटते. ते तिचं न म्हणणं लिहा, महालकर. तिथे वाचक थांबेल.

फोनचं. सोपं उत्तर कोणी देईल की फोनमध्ये आवाज नीट येत नाही, जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा वगैरे. हे उत्तर घेऊ नका. उद्या कोणी चांगला माईक आणि मोठा स्पीकर आणला की तुमचा नियम मोडला. खरं उत्तर दादांच्या हिशोबात आहे, किंमत शरीर देतं, आणि स्पीकरला शरीर नाही. मंत्र हा श्वासावर म्हटला जातो, जो श्वास खर्च करतो त्याच्या खात्यातून जातं. रेकॉर्डिंग लूपवर लावलं तर खोलीत आवाज होईल, बस्स.

आणि सराव कसा करतात याचा विचार केला का? नवनाथांच्या कथांमध्ये गोरक्षनाथ संजीवनी मंत्राचं पाठांतर करत असताना पोरं मातीचा बाहुला करून मागतात, हातात माती, तोंडात मंत्र, आणि बाहुला जिवंत होतो, तेच गहिनीनाथ. म्हणजे पाठ करताना हात रिकामे ठेवायचे, काही घडवायचं नाही. सुमीची आजी तिला लहानपणी मंत्र शिकवताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसवत असेल. मला ते चित्र फार दिसतंय.

काटोलचा_बागवान

राम राम. मी संत्र्याचा शेतकरी आहो, कादंबरी वगैरे कमीच वाचतो पण हा धागा पोराने दाखवला आणि शेवटपर्यंत वाचला. कोराडीवाले साहेब म्हणतात तो हिशोब बरोबर आहे, पण ते पैसे मागाहून देऊन राहिले. जादू केली मग ताप आला. आमच्याकडे पैसे आधी द्यावे लागतात.

झाडाले फुलं आपोआप येत नाही भाऊ. आंबिया बहार, म्हणजे जानेवारीनंतरची फुलं, घ्यायचा असला तर डिसेंबरात पाणी तोडतो आम्ही. त्याले ताण देणं म्हणतात. जमीन हलकी असली तर महिनाभर, भारी काळी असली तर दीड-दोन महिने झाडाले पाण्याचा थेंब नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात, पाहाले जीव होत नाही. नवीन माणूस असला तर त्याचा हात मोटारीच्या बटनावर जातेच. पण त्या दिवसात झाड वाढणं थांबवून आतल्या आत सगळं साठवून राहिलेलं असते. मग जानेवारीत ताण तोडतो, तेही एकदम नाही, पहिलं पाणी हलकं, त्याले आंबवणी म्हणतात, मग चिंबवणी, आणि मग नेहमीचं. त्यानंतर जो बहार फुटते तो सकाळी बागेत उभं राहून वास घेतल्याशिवाय समजत नाही. ज्याने ताण दिला नाही त्याच्या झाडाले हिरवी पानं भरपूर, फूल नाही.

मले वाटते जादूही तशीच पाहिजे. सुमीने आधी काहीतरी सोडलं पाहिजे, रोजचं, आवडीचं, आणि ठरलेले दिवस सोडलं पाहिजे. मग फुटते. किती दिवस ते ज्याच्या त्याच्या मातीवर.

आणि दोन धोके लिहून ठेवा. एक, ताण जास्त झाला तर झाडावर सल वाढते, वाळलेल्या काड्या. माझ्या वडिलांनी एका वर्षी भाव चांगला मिळेल म्हणून ताण लांबवला होता, फुलं आली गच्च, पण पुढच्या दोन वर्षांत ओळीच्या ओळी सलीने गेल्या, मी त्या काड्या तोडल्या आहे, हाताले अजून आठवते. दुसरं, ताणावर असताना अवकाळी पाऊस आला की ताण तुटला. महिनाभराची मेहनत एका रात्रीत गेली. कोणाची चूक नाही, पाऊस तर चांगलाच पडते.

सावनेरच्या_बाई

मी शाळेत विज्ञान शिकवते. सगळं वाचलं, आवडलं, पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे.

ही कादंबरी नागपुरात घडते. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये याच शहरात सुरू झाली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. तेव्हा सुमीच्या जगात हा कायदा आहेच, आणि तो असलाच पाहिजे. तिला खरी जादू येत असली तरी तिने कोणाला ती सांगितली, त्याचे पैसे घेतले, की तिच्यात आणि भोंदूत बाहेरून काय फरक दिसणार? लपून राहण्याचं याहून खरं कारण तुम्हाला मिळणार नाही.

मी लहान असताना आमच्या गावात एका विधवा बाईवर करणी केल्याचा आळ घेतला होता. तिच्या दारापुढे लोक उभे होते आणि ती आत कडी लावून बसली होती, आईने मला ओढत घरात नेलं, तरी त्या दाराच्या फटीतून दिसलेली तिच्या लुगड्याची कड माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. तिच्याकडे कसलीही जादू नव्हती. म्हणून विनंती आहे, सुमीला मांत्रिक म्हणू नका, त्या शब्दाला फार लोकांच्या फसवणुकीचा वास आहे. जादूगार म्हटलं की टोपी आणि ससा आठवतो. चेटकीण तर नकोच. आमच्याकडे जुनी माणसं 'जाणता' म्हणतात, ज्याला कळतं तो. सुमी जाणती. आणि आजारपण तिच्या जादूने कधीच बरं होत नाही, हा नियम पहिल्या दहा पानांतच घाला. विषाला प्रतिविषाचं इंजेक्शन लागतं, तुटलेल्या हाडाला प्लॅस्टर लागतं. आजी पडल्यावर ती ऑटो शोधते ना, तुम्हाला ती चूक वाटते आहे पण मला ते तुमच्या पुस्तकातलं सगळ्यात शहाणं पान वाटतं.

महालकर

दोन दिवस काही लिहिलं नाही, फक्त विचार करत होतो. बाई, 'जाणती' घेतला, आजपासून तोच शब्द. आणि आग काढून टाकली, आता सुमी पान ३० वर फक्त सिलेंडरचा कॉक फिरवते आणि कोणालाच कळत नाही की दुकान वाचलं. मला आधी वाटलं फिकं होईल, पण लिहिल्यावर जास्त दमदार झालं.

आता आजीचं. काका, तुमचा अवकाळी पाऊस वाचला आणि मी वही घेऊन उठलोच. सुमीने ताण धरला आहे, एकवेळ जेवण, पाणी मोजून, अठ्ठावीस दिवस झाले, कारण पुढच्या आठवड्यात तिला एक मोठं काम आहे. आजीला माहीत आहे का ताण चालू आहे ते? माहीत आहे, तिनेच शिकवलं. पण पोरगी सुकून चालली ते तिला बघवत नाही. त्या सकाळी आजी गोळाभात करते, वरून कडकडीत तेल, हिंग-मोहरीची फोडणी, ताट समोर ठेवते आणि काही बोलत नाही, नुसती बसून राहते. सुमी जेवते. दोनदा घेते. आणि दुपारी आजी रिकामी ताटं घेऊन जिना उतरताना पाय घसरतो, सुमी दोन पायऱ्या वर आहे, तोंड उघडते आणि आत काहीच नाही, पोट भरलेलं आहे.

म्हणजे मीराताई, तुमचं न म्हणणं पण त्यातच आलं, फक्त कारण वेगळं. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक उरलं. इतके जाणते इतकी वर्षं शहरात काम करून राहिले तर त्या सलीचं काय होते? झाडाची काडी तोडता येते, माणसाची?

इतवारीकर_जुना

महालात राहून हे विचारता भाऊ? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दारावरून काय जाते? काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन मोठे पुतळे. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं शहर ओरडते आणि मग गावाबाहेर नेऊन जाळतात. जाणत्यांनी वर्षभराची सल तिथे द्यावी. कशी द्यायची तर एक धागा, एक कापडाची चिंधी, गर्दीत हळूच टाकायची, कोणाला समजत नाही. मी लहान होतो तेव्हा माझी आई आजारातून उठली की जुनं फडकं मारबतीवर टाकायची. त्यात जादू नव्हती, पण परत येताना तिचं पाऊल हलकं पडायचं.

आणि तारीख पण जुळते तुमची. पोळा श्रावणाच्या अमावास्येला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. कोराडीवाले म्हणतात तसं त्या दमट दिवसांत जादू बंदच असते. काम बंद, तेव्हाच साफसफाई.

कोराडी_बी_शिफ्ट

हे फारच जमलं. महालकर, अठ्ठावीस दिवसांचा ताण कोणत्या महिन्यात ठेवला? मे असेल तर पाणी मोजून पिणं जमणार नाही, ती चौथ्या दिवशी दवाखान्यात जाईल. डिसेंबर ठेवा.

काटोलचा_बागवान

डिसेंबरच बरोबर. आणि गोळाभाताच्या दिवशी तिने दोनदा घेतलं असं लिहिलं ते बदला, पहिल्या घासालेच ताण तुटते. बाकीचं ती आजीसाठी जेवते.